ढोली कुणाची?

शनिवारी संध्याकाळी ठाण्याच्या नौपाड्यात आम्ही सात-आठ मुलं जमवून गोष्टींतले खटले चालवतो. पालक विचारतात, हे काय नवीन? नवीन काहीच नाही.

पंचतंत्राची सुरुवातच शिकवणीने होते. अमरशक्ती राजाची तीन मुलं आणि त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवण्याची विष्णुशर्म्याची प्रतिज्ञा. या मुलांना पुढे न्यायनिवाडा करायचा होता, त्यामुळे गोष्टींत खटले आहेतच. ‘मित्रभेद’ या पहिल्या भागातला पापबुद्धी पुरलेलं धन स्वतः लंपास करतो, आळ धर्मबुद्धीवर घेतो आणि साक्षीला चक्क झाड उभं करतो. झाडाच्या ढोलीत त्याचा बाप लपलेला असतो.

त्याहून खोल आहे ‘काकोलूकीय’ या भागातली कपिंजल पक्ष्याची गोष्ट. कपिंजल भाताच्या शेतात चरायला जातो, बरेच दिवस परतत नाही. इकडे त्याच्या ढोलीत ससा येऊन राहतो. कपिंजल परत आल्यावर भांडण लागतं, तेव्हा ससा थेट स्मृतिवचन, म्हणजे जुन्या धर्मशास्त्रातलं वचन, काढतो: माणसांत १० वर्षांची वहिवाट हाच पुरावा, तिथे साक्ष किंवा लेख लागत नाही, पशुपक्ष्यांत तर जो राहतो त्याची जागा. आपल्या १९६३ च्या मुदत कायद्यात खाजगी जमिनीवरचा दुसऱ्याचा कब्जा हटवण्याचा दावा लावायला १२ वर्षांची मुदत आहे, त्यामागे हाच प्रश्न आहे. पुढे दोघे निवाड्यासाठी नदीकाठच्या तपस्वी बोक्याकडे जातात. ‘म्हातारा झालो, ऐकू येत नाही, जवळ या,’ असं म्हणत तो दोघांनाही मटकावतो. कायदा माहीत असून भागत नाही, न्याय कोण देतोय हेही बघावं लागतं, हे मुलांना इथे लगेच कळतं.

सदाशिव काशिनाथ छत्र्यांची मराठी इसापनीती १८२८ ची. पुढे शाळेच्या पुस्तकांत गोष्टीखाली ‘तात्पर्य’ आलं आणि मुलांनी वाद घालायची जागाच बुजली, असं मला मनापासून वाटतं. त्याच १८२८ साली जर्मनीत याकोब ग्रिमचा जुन्या जर्मन कायदेरूढींवरचा ग्रंथ आला. परीकथा गोळा करणारे याकोब आणि विल्हेल्म हे दोघे ग्रिम भाऊ मारबर्गला कायदाच शिकले होते. १८३७ मध्ये हानोव्हरच्या राजाने राज्यघटना मोडीत काढली, तेव्हा लेखी निषेध करणाऱ्या ग्योटिंगेन विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांत दोघेही होते. दोघांची नोकरी गेली, याकोबला तर राज्यही सोडावं लागलं.

गेल्या महिन्यात ढोलीचा खटला चालू असताना चौथीतली एक मुलगी मध्येच उठली. तिची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, घरचे सगळे भाड्याने राहतात. म्हणाली, “आम्हीपण ढोली सोडलीय. मग ती आमचीच ना?”

बोका झालेल्या मुलाने कानावरचा हात काढला. “तुमच्याकडे लिहिलेलं काही आहे का?” त्याने विचारलं.

पुढच्या शनिवारी ती करारनाम्याची झेरॉक्स घेऊन आली. आम्ही सगळ्यांनी मिळून पहिलं पान वाचलं.