पाय शिबिरात मिळतो, विम्यात नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा बावीस वर्षांचा पोरगा सध्या तहसीलपासून आमदारांच्या बैठकीपर्यंत एकच अर्ज घेऊन फिरतो आहे. मागणी अडीच ओळींची आहे: कृत्रिम पाय, त्याचं सॉकेट (म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी) बदलणं आणि दुरुस्ती, हा खर्च आरोग्य विम्यात धरावा, सरकारी असो की खासगी. चौदाव्या वर्षी सोयाबीन काढताना थ्रेशरच्या तोंडाशी अडकलेला पेंढा पायानं लोटायला गेला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्याला आठ वर्षं झाली. तेवढ्यात चार पाय झाले. पहिला शिबिरात मिळाला, दुसरा एका दात्यानं दिला, तिसरा मायची पोत गहाण टाकून घेतला, चौथा पुन्हा शिबिरातला. त्याच्या अर्जामागची गोष्ट मात्र त्याच्यापेक्षा बरीच जुनी आहे.

आपल्याकडे कृत्रिम पाय हक्कानं मिळाला तो आधी सैनिकाला. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या जवानांसाठी 1944 मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. त्यानंतर कामगाराला. कर्मचारी राज्य विमा कायदा 1948 चा. ही योजना नागपुरात 1954 मध्ये आली, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. या योजनेतल्या कामगाराला कृत्रिम अवयव हा उपचाराचाच भाग म्हणून मिळतो. म्हणजे आज बुटीबोरीच्या कारखान्यात मशीनमध्ये पाय गेला आणि कामगाराची कपात भरलेली असेल, तर पाय विम्यातून. तिथून तासाभरावरच्या वावरात थ्रेशरमध्ये गेला, तर शिबिराची वाट पाहायची. मशीन दोन्हीकडे लोखंडाचंच.

थ्रेशरकडे सरकारचं लक्षच गेलं नाही असं नाही. अशा यंत्रांवर काम करणाऱ्या मजुरांना इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणून 1983 मध्ये धोकादायक यंत्रांविषयी एक स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लागलेल्या वावरात उभं राहून कोणालाही विचारा, हा कायदा ऐकलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

शेतकऱ्याच्या पायाचा विचार खऱ्या अर्थानं झाला तो जयपूरला, 1968 मध्ये. सवाई मानसिंह रुग्णालयातले डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय घडवला. परदेशी धाटणीच्या पायाला बूट लागायचा. तो घालून उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात तर विचारूच नका. जयपूर फूट रबराचा, अनवाणी चालायला चालणारा, पाण्यात न कुजणारा. पुढे त्याच्या वरच्या भागासाठी एचडीपीई पाइप वापरायला लागले. आपल्याकडे स्प्रिंकलरला असतो त्याच जातीचं प्लास्टिक. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी जयपुरात भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि हा पाय फुकटात देशभर पोचायला लागला.

शिबिर हा शब्द आपल्याकडे रुजला तो यातूनच. सकाळी मंगल कार्यालयात रांग, स्टंपवर, म्हणजे कापून उरलेल्या पायावर, ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप, मग साचा, आणि पाय बसला की मान्यवरांसोबत फोटो. मी शिबिरांच्या विरोधात नाही. ती नसती तर विदर्भातल्या कितीतरी लोकांनी आयुष्य कुबडीवर काढलं असतं. पण शिबिराची तारीख दात्याच्या सोयीनं ठरते. सॉकेट मात्र त्याच्या मनानं तडकतं, बहुधा पेरणीच्या तोंडावर.

सरकारची वाटही अशीच निघाली. कानपूरचा एलिम्को हा कृत्रिम अवयव बनवणारा सरकारी कारखाना 1972 चा, आणि दिव्यांगांना उपकरणं वाटण्याची केंद्राची ‘एडिप’ योजना 1981 ची. तिच्यात एक नियम आहे: एकदा उपकरण मिळालं की त्याच कारणासाठी तीन वर्षं पुन्हा मिळत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एका वर्षाची. आमचा हा पोरगा पाय गेला तेव्हा चौदाचा होता. नियमाच्या हिशोबात तो मोठा झालेला, हाडांच्या हिशोबात नाही. दोन वर्षांत उंची वाढली, पहिला पाय आखूड पडला, आणि तो कंबर वाकडी करून शाळेत जायला लागला. दुसऱ्या पायासाठी दाता शोधावा लागला तो यामुळे.

नुकसानभरपाईची परंपरा याहून जुनी, आणि तिचा हिशोबच वेगळा. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगाचा दरच लिहिलेला होता: अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटली असं धरायचं, मांडीच्या मध्याखालून ते गुडघ्याखाली 8.89 सेंटीमीटरपर्यंत पाय कापला तर 60 टक्क्यांनी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत आजही एका अवयवाला 1 लाख, दोन गेले तर 2 लाख. तीही सातबाऱ्यावर नाव असेल तर. घरातला आणखी एक सदस्य त्यात 2019 मध्ये आला. या पोराचा बाप दुसऱ्याचं वावर मक्त्यानं करतो, त्यामुळे तो सवालच नव्हता. 2023 मध्ये या योजनेच्या नावातून ‘विमा’ हा शब्द गेला आणि ‘सानुग्रह अनुदान’ आलं. ते एक बरं झालं, निदान नाव तरी खरं झालं. या सगळ्यात पैसे मिळतात ते गेलेल्या पायाचे. पुढे लागणाऱ्या पायाचा उल्लेख कुठेच नसतो.

आता मेडिक्लेम. तो आपल्याकडे 1986 मध्ये आला. सरकारी कंपन्यांच्या जुन्या पॉलिसींमध्ये ऑपरेशन, रक्त, ऑक्सिजन, पेसमेकर या खर्चांच्या ओळीत ‘कृत्रिम अवयव’ हे शब्द छापलेले असायचे. मग अडचण कुठे? ती सगळी ओळ रुग्णालयात दाखल असतानाच्या खर्चाची आहे. सुट्टी झाल्यानंतरचा खर्च बहुधा 60 दिवसांपर्यंतच धरतात. पाय कापल्यावर टाके सुकायला, स्टंपची सूज उतरायला, त्याला आकार यायला दीड-दोन महिने सहज जातात. मधुमेह असला किंवा जखम चिघळली तर आणखी. पाय बसवायची वेळ येते तेव्हा पेशंट घरी असतो आणि विम्याचे दिवस संपलेले असतात. शिवाय पाय ओपीडीत बसतो, त्यासाठी कोणी खाटेवर झोपत नाही. हाडात घातलेला रॉड विम्यात चालतो, कारण तो आत आहे. बाहेरून लावायची उपकरणं बहुतेक पॉलिसींत वगळलेली असतात.

खर्च एकदाचा नसतो, हे न्यायालयानं मात्र ओळखलं. डिसेंबर 2022 मध्ये, उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका अपघात खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पुढच्या वर्षांत बदलाव्या लागणाऱ्या पायांचे आणि देखभालीचे पैसे धरून भरपाई वाढवली. त्या खटल्यात पायाची किंमत 2 लाख 60 हजार होती, आयुष्य पाच-सहा वर्षं. पण मोटार अपघातात समोर वाहन असतं आणि त्याचा विमा असतो. थ्रेशरच्या मागे कोण उभं असतं?

कायद्यात जागा आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 24 मध्ये ठराविक उत्पन्न मर्यादेत मोफत साधनं, आणि दुसऱ्या कुठल्या सरकारी विम्यात नसलेल्यांसाठी सर्वंकष विमा योजना, दोन्हींचा उल्लेख आहे. 2015 मध्ये ‘स्वावलंबन’ नावाची 2 लाखांची योजना आली होती, ती पुढे बंद पडली. फेब्रुवारी 2023 मध्ये विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी काढायला सांगितलं. त्यामुळे आजारी पडून भरती होण्याचा विमा मिळण्याची वाट खुली झाली, पायाचा प्रश्न तिथेच राहिला. अमेरिकेत हीच लढाई एकेका राज्यात लढली गेली. कोलोरॅडोनं 2000 मध्ये कृत्रिम अवयव विम्यात धरण्याचा कायदा सगळ्यांत आधी केला. पोरानं हे मोबाइलवर वाचलं आणि अर्जाला त्याची प्रिंट जोडली.

मागच्या श्रावणात मी त्याच्या वावरात गेलो होतो. काळ्या मातीत पाय रुतला की ती सोडत नाही. त्यानं ताकद लावली तर स्टंप वर आला आणि पाय चिखलातच उभा राहिला. तो धुऱ्यावर बसला, एकावर एक घातलेले मोजे काढून पिळले. स्टंप बारीक झाला की सॉकेट सैल होतं, म्हणून मोजे वाढवत जायचे. त्या दिवशी पाच होते. नवीन सॉकेट हवं हे त्यालाही माहीत होतं.

अर्जाचं पहिलं उत्तर गेल्या महिन्यात आलं. त्यात त्याला रुग्णालयात दाखल असल्याचा कागद जोडायला सांगितलंय. त्याच्याकडचं डिस्चार्ज कार्ड आठ वर्षांपूर्वीचं आहे.