गाठ एका जागी, आजार सर्वांगाचा

कर्करोग म्हणजे एका अवयवात वाढलेली गाठ, आणि ती मुळासकट काढली की रोग संपला, अशी समजूत वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड स्तनाच्या कर्करोगात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिका ग्रंथीही काढून टाकत. पुढे बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांतून दिसले की, सुरुवातीच्या टप्प्यात केवळ गाठ काढलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नसतो. रोग लक्षात येईपर्यंत काही पेशी रक्तावाटे दूर गेलेल्या असू शकतात आणि तिथवर शस्त्र पोहोचत नाही.

मात्र पेशी पोहोचली म्हणजे रुजलीच असे नाही. लंडनचे स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा यकृतात रोग वारंवार पसरलेला आढळला, प्लीहेत मात्र क्वचितच. यावरून त्यांनी कर्कपेशीला बीजाची आणि अवयवाला मातीची उपमा दिली. 2005 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत तर असे दिसले की, कर्कपेशी फुप्फुसात पोहोचण्यापूर्वीच अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी तिथे जमतात. म्हणजे मूळ गाठ दूरवरची माती आधीच तयार करून घेत असते.

गाठीतून आणि तिच्याशी झुंजणाऱ्या प्रतिकारपेशींतून स्रवणारी द्रव्ये रक्तातून सर्वत्र फिरतात. त्यांमुळे काहींच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, तर अनेकांचे शरीर झिजू लागते. ही झीज उपासमारीहून वेगळी असते: उपासात शरीर स्नायू जपत प्रामुख्याने चरबी वापरते, इथे मात्र स्नायूंतील प्रथिनेही मोठ्या प्रमाणावर तुटतात, शिवाय मेंदूतील भुकेचे नियंत्रण बिघडते. म्हणूनच केवळ जास्त खाऊ घालून ती भरून येत नाही, आणि ‘खात नाही म्हणून खंगतो आहे’ असा दोष रुग्णाला किंवा घरच्यांनी स्वतःला देणे अन्यायाचे आहे. हे डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच समजावून सांगायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

भूक मारणारा एक संदेश जीडीएफ-15 हे प्रथिन मेंदूच्या तळाशी पोहोचवते. त्याला रोखणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या प्रतिपिंडाची 187 रुग्णांवर चाचणी झाली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सर्वाधिक मात्रा घेतलेल्यांचे वजन 12 आठवड्यांनंतर, औषधाऐवजी निष्क्रिय द्रव्य दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे 2.8 किलोने अधिक होते.