बासरी मैफलीत उशिरा का आली : ख्याल, जॅझ आणि सोलापूरची हवा

संक्रांतीच्या दिवसांत होम मैदानावर गड्डा भरला की बासरीवाला हमखास दिसतो. खांद्यावर उभा बांबू, त्यात चहूबाजूंनी खोचलेल्या बासऱ्या, आणि ओठांवर एखाद्या जुन्या गाण्याची ओळ. सोलापुरातल्या कितीतरी मुलांच्या हातात पहिली बासरी येते ती इथूनच. घरी आल्यावर मात्र तिच्यातून ती ओळ निघत नाही. दोष मुलाचा नसतो. बासरीवाल्याच्या हातातली बासरी निवडक असते. विकायच्या बासऱ्यांची भोके बहुतेकदा अंदाजाने, सारख्या अंतरावर पाडलेली असतात. त्यांत सा लागला तर ग चढतो, ग जमवला तर प उतरतो.

त्या गुच्छात दोन जातींची वाद्ये असतात. शिट्टीसारखे टोकातून फुंकायचे ते अलगूज, आडवी धरून फुंकायची ती बासरी. अलगुजात हवेची वाट लाकडी गुट्टीने ठरवून दिलेली असते, म्हणून सूर पहिल्याच दिवशी लागतो. पण तो ओठांनी वळवता येत नाही. आडव्या बासरीत ही वाट ओठांनीच घडवायची असते. म्हणून तिचा पहिला सूर लागायला आठवडा जातो आणि नंतर तो हवा तसा झुकवता येतो. रागदारीने आणि जॅझने बासरी स्वीकारली ती या झुकण्यासाठी. आणि दोघांनीही ती उशिराच स्वीकारली, हे लक्षात घेतले की आज आपण शिकतो त्या बासरीची ठेवण समजते.

वेणू आपल्याकडे प्राचीन. नाट्यशास्त्रात सुषिर वाद्यांमध्ये तिचा विचार आहे. दक्षिणेत कुंभकोणमचे शरभ शास्त्री (१८७२–१९०४) यांनी तिला कचेरीत, म्हणजे दाक्षिणात्य मैफलीत, स्थान मिळवून दिले, आणि टी. आर. महालिंगम (१९२६–१९८६) यांनी आठ भोकांच्या आखूड बासरीवर गायकी आणली. विजापूर आणि कलबुर्गी हाकेच्या अंतरावर असलेल्या, घराघरांत तेलुगू आणि कन्नड बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात ही आठ भोकांची बासरी परकी वाटू नये. हिंदुस्थानी मैफलीत मात्र विसावे शतक बरेच पुढे सरकेपर्यंत स्वतंत्र वाद्य म्हणून बासरी नव्हती. ख्यालाचा आलाप मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, सुरू होतो, आणि तेव्हाची आखूड बासरी तिथे पोचतच नव्हती.

हा पेच सोडवला बरिसालच्या पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी. निरनिराळ्या लांबीच्या नळ्या करून बघत ते सुमारे ३२ इंचांच्या बासरीपर्यंत आले. नळी लांबली की सूर खाली जातो आणि भोकांमधले अंतरही वाढते. मग बोटांची टोके पुरत नाहीत. काही बोटांच्या मधल्या पेराचा मऊ भाग भोकावर टेकवावा लागतो. आजही नवशिक्याच्या लांब बासरीतून खालचा प निघत नाही, याचे पहिले कारण तेच असते : बोट टोकावर उभे राहते, भोकाच्या कडेने हवा निसटते आणि सूर वरच्या सप्तकात उडी मारतो.

त्यांची दुसरी भर म्हणजे करंगळीचे सातवे भोक. सहा भोकांच्या बासरीत तीव्र म सगळी भोके उघडून वाजतो आणि त्याच्या शेजारचा प सगळी भोके झाकून. दोन शेजारी स्वर, पण बोटे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, तुटते. सातवे भोक असले की सातही झाकून तीव्र म आणि करंगळी हळूच सरकवून प, असा सलग रस्ता मिळतो. पन्नालालजी मुंबईत चित्रपटांसाठी काम करत होते, १९४७ पासून अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले, आणि त्यांची वाट देवेंद्र मुर्डेश्वरांसारख्या शिष्यांनी पुढे नेली. हरिप्रसाद चौरसिया (जन्म १९३८) यांनी सहाच भोके ठेवली. १९५७ साली कटकच्या आकाशवाणीत, पुढे मुंबईत, आणि मग सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींकडे तालीम. त्यांच्या आलाप-जोडात तंतकारीची, म्हणजे तंतुवाद्य वादनाची, शिस्त दिसते ती तिथली. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि ब्रिजभूषण काबरा यांच्याबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणाने बासरी घराघरांत पोचली.

पश्चिमेतली अडचण वेगळी होती. तिथे खालचे सूर होते, पण ते ऐकू जात नव्हते. म्युनिकचे थिओबाल्ड बोम (१७९४–१८८१) दरबारी वाद्यवृंदात बासरी वाजवत आणि सोनारकामात तयार झालेले होते. १८३१ साली लंडनमध्ये त्यांनी चार्ल्स निकोल्सनची मोठ्या भोकांची बासरी ऐकली, आणि आपल्या बासरीचा आवाज किती लहान आहे हे त्यांच्या ध्यानात आले. बोट कुठे पोचते याचा विचार बाजूला ठेवून ध्वनिशास्त्र सांगेल तिथे मोठी भोके पाडायची आणि ती झाकायला चाव्यांची यंत्रणा करायची, हा त्यांचा मार्ग. १८३२ चे पहिले रूप शंकूच्या आकाराच्या नळीचे होते, १८४७ चे दंडगोल. आजची चांदीची बासरी बहुतांशी तीच आहे : डोके, धड आणि पाय असे तीन भाग, लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर, नळीचा आतला व्यास १९ मिलिमीटर. पॅरिसच्या संगीत विद्यालयाने १८६० मध्ये ती स्वीकारली, आणि पॉल ताफानेल यांच्यापासून सुरू झालेली तिथली परंपरा आजच्या पाश्चात्त्य अभिजात वादनाचा कणा आहे.

एवढे होऊनही जॅझच्या सुरुवातीच्या बँडांत बासरीला जागा नव्हती. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनसमोर तिचे खालचे सप्तक विरून जाई. क्यूबाचे अल्बर्टो सोकारास यांनी १९२७ साली ध्वनिमुद्रित केलेला एकल तुकडा जॅझमधला पहिला मानला जातो. तिसाच्या दशकात वेमन कार्व्हर चिक वेबच्या बँडमध्ये ती वाजवत. पण ही तुरळक उदाहरणे. १९५३ मध्ये फ्रँक वेस काउंट बेसीच्या बँडमध्ये आले आणि चित्र पालटू लागले. चांगला मायक्रोफोन हे त्यामागचे मोठे कारण. दुसरे कारण बोटांचे. सॅक्सोफोनची बोटे बोमच्या बासरीशी बरीच जुळतात, म्हणून सॅक्सोफोनवाले बासरीही हाताळू लागले. जॅझ बासरीची वाक्यरचना सॅक्सोफोनसारखी तुटक, जिभेच्या ठोक्यांची का असते, याचे उत्तर इथे आहे. आपली बासरी गळ्याच्या मागे गेली, जॅझची सॅक्सोफोनच्या. पुढे एरिक डॉल्फीने तिला पक्ष्यांच्या बोलीपर्यंत नेले, आणि रोलंड कर्कने वाजवता वाजवता गळ्यातून गाण्याची खरखरीत रीत गाजवली.

दोन्ही वाटा एकमेकींना भेटल्या त्याही याच काळात. १९६२ मध्ये रविशंकर यांच्या ध्वनिमुद्रणात बड शँक यांची बासरी होती. पॉल हॉर्न यांनी १९६७ मध्ये भारतात येऊन इथल्या वादकांबरोबर बासरी वाजवली. १९८७ साली झाकीर हुसेन, जॉन मॅक्लॉफलिन, यान गार्बारेक आणि हरिप्रसाद यांचे एकत्र ध्वनिमुद्रण आले. पाश्चात्त्य अभिजात आणि जॅझ यांमधला पूल बांधणाऱ्यांत ह्यूबर्ट लॉज महत्त्वाचे : शिक्षण जुलियार्डमध्ये, नोकरी न्यूयॉर्कच्या ऑपेरा वाद्यवृंदात, आणि मन जॅझमध्ये. १९७५ साली क्लोद बोलिंग यांची बासरी आणि जॅझ पियानोसाठीची रचना जाँ-पिएर रॅम्पाल यांच्यासह आली. तिच्यात बासरीचा भाग पूर्ण लिहिलेला आहे, म्हणून स्वरलेखन वाचणाऱ्याला जॅझमध्ये शिरायला ती सोपी वाट आहे. सोलापूरच्या कानांना मात्र हा ठेका नवा नाही. तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये जॅझ बँड वाजत. त्या बँडांतले गोव्याचे वादक पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेले, आणि पन्नासच्या दशकातल्या हिंदी गाण्यांतून तो ठेका सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावात कधीच पोचला.

बांबूची बासरी शिकणाऱ्याने जॅझकडे कसे वळावे? आमच्या मते, जॅझच्या मुळाशी असलेल्या ब्लूज या गानप्रकाराच्या बारा मात्राखंडांच्या चौकटीपासून. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड म्हणजे ४८ मात्रा, म्हणजे तीनतालाची नेमकी तीन आवर्तने. पहिले आवर्तन पूर्ण सा च्या कॉर्डचे (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर). दुसऱ्यात समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, आठ मात्रा म ची कॉर्ड, आणि खालीला, नवव्या मात्रेवर, पुन्हा सा. तिसऱ्यात चार विभाग : प, म, सा, सा. हातावर ताल धरून ही तीन आवर्तने आधी नुसती म्हणावीत. बासरी उचलायची ती खालीवर सा कडे परतणे अंगवळणी पडल्यावरच.

आता स्वर. सा च्या कॉर्डमध्ये सा, ग, प आणि कोमल नी. म च्या कॉर्डमध्ये म, ध, सा आणि कोमल ग. प च्या कॉर्डमध्ये प, नी, रे, म. म्हणजे पहिल्या आवर्तनात शुद्ध ग आणि दुसऱ्याच्या समेवर कोमल ग. दोन्ही गंधार एका चालीत. जोग राग शिकलेल्याला हे लगेच ओळखीचे वाटेल, कारण तिथेही चढताना शुद्ध ग आणि उतरताना कोमल ग असतो. धानी राग घेतला (सा, कोमल ग, म, प, कोमल नी) आणि म ते प जाताना तीव्र म ओझरता लावला, की ब्लूजचे सहा स्वर हातात येतात. बासरीवर ते असे : सा ला वरची तीन भोके झाकलेली, कोमल ग ला पहिले झाकलेले आणि दुसरे अर्धे, म ला पहिले अर्धे, तीव्र म ला सगळी मोकळी, प ला सहाही बंद, कोमल नी ला चार बंद आणि पाचवे अर्धे.

खरा कस कोमल ग चा. ब्लूजमधला ग कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी राहतो आणि तिथून वर सरकतो. बोट सरळ वर उचलले तर तो सरकत नाही, टुणकन उडतो. बोट भोकावर टेकलेलेच ठेवून तळहाताकडे ओढायचे, म्हणजे कड हळूहळू उघडते. मींड शिकलेल्याला हे येतेच. चांदीच्या बासरीत बंद चाव्या असल्या तर इथे अडते. मधे भोके असलेल्या पाच चाव्यांची बासरी असेल तर थोडी मींड निघते, बाकीची ओठांनी भागवायची.

लयीत चूक हमखास एकच होते. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, मात्रेचे तीन भाग धरून पहिल्या स्वराला दोन आणि दुसऱ्याला एक देतात, आपल्या तिस्र जातीसारखे. पण आपण समेवर वजन टाकतो, आणि मग तो दादरा होतो. जॅझमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावून त्याचा ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजायचा, म्हणजे प्रत्यक्ष लय १२० होते. लय बरीच चढली की दोन-एकचे प्रमाण सपाट होत जाते. तिथे ओढून ताणून तिस्र ठेवू नये.

सुरुवातीला कोणती बासरी घ्यावी, याचे उत्तर हाताच्या पंजावर आहे. मैफलीत बहुधा पांढरी ३ ची, म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा असलेली, सुमारे ३० इंचांची बासरी असते. ती पहिल्या दिवशी देऊ नये. पांढरी ५ ची मध्यम बासरी २४–२५ इंचांत बसते आणि मोठ्या माणसाला पुरते. मुलांना पांढरी १ ची, १८–१९ इंचांची. कीबोर्ड आणि सॅक्सोफोनवाल्यांबरोबर बसायचे तर काळी ५ आणि पांढरी ४ पुढेमागे लागतात, कारण जॅझच्या पुष्कळ चाली त्या पट्ट्यांत असतात. बांबू आसामकडचा घ्यावा : लांब पेराचा, पातळ भिंतीचा, सरळ.

सोलापूरच्या हवेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. जानेवारीच्या पहाटे १५–१६ अंश आणि मेच्या दुपारी ४२–४३. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि सूर चढतो : दर अंशाला सुमारे ३ सेंट, आणि १०० सेंटचा एक अर्धस्वर. फुंकेची हवा नेहमीच ऊबदार असल्याने प्रत्यक्ष फरक हिशेबापेक्षा कमी येतो, तरी मे महिन्यात मोबाइलवरच्या तानपुऱ्याशी बासरी चढी लागतेच. चांदीच्या बासरीचे डोके दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढून ती उतरवता येते. बांबूच्या बासरीला ही सोय नाही. तिथे तानपुराच सेंटच्या हिशेबाने वर घ्यावा. बासरी ओठांकडे आत वळवली तर सूर उतरतो, पण आवाज दबतो. तासभर तसे वाजवले की ओठांना तीच सवय लागते, आणि थंडीत सगळे सूर उतरे येऊ लागतात.

बांबू चिरतो तो नुसत्या उन्हाने नव्हे. रात्री कूलरची ओली हवा, दुपारी कोरडा झळा, या फुगण्या-आटण्याने तो उभा तडकतो. कूलरसमोर बासरी ठेवू नये, गाडीत विसरू नये. दोन्ही टोकांना आणि भोकांच्या मधल्या जागी नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळावा. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहरीचे किंवा जवसाचे तेल कापडाच्या बोळ्याने आतून पातळ लावावे आणि बासरी रात्रभर उभी निथळू द्यावी. फुंकायच्या भोकाच्या धारेवर तेल जाऊ देऊ नये. हवेचा झोत त्याच धारेवर फुटतो. ती चिकट झाली की सूर घोगरा होतो आणि शिकणारा दोष स्वतःच्या ओठांना देत राहतो.