नदीचा श्वास नेमका कुठे अडतो?

काचेची ३०० मिलीची बाटली नदीच्या पाण्याने काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग त्यात मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड सोडून, बूच लावून हलवायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका हळूहळू खाली बसतो. प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने १८८८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याने नदीचं काय होतं, असं कुणी विचारलं तर मी आधी तो पांढरा साका दाखवेन. पाण्याचा रंग आणि फेस नंतर.

पाण्यात प्राणवायू असतो तरी किती? २० अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम. एक लिटर हवेत तो २८० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. पाणी ३० अंशांवर गेलं की ९ चे साडेसात होतात, म्हणून यंत्रं थंड करून सोडलेलं नुसतं गरम पाणीही माशांना महागात पडतं. अशा तुटपुंज्या शिलकीत साखर, स्टार्च, चरबी असलेलं सांडपाणी येऊन पडतं. हे पदार्थ विषारी नसतात, उलट जिवाणूंना ती मेजवानीच. पण ते खाताना जिवाणू प्राणवायू संपवतात. किती संपवतील, याचं माप म्हणजे बीओडी. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात असतो. नदीच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरला, तर एक लिटर स्पेंटवॉश ५,००० लिटर पाण्यातला प्राणवायू फस्त करू शकतं!

तो कुठे फस्त होतो, हे मात्र सहसा लक्षात घेतलं जात नाही. पाइपच्या तोंडाशी नाही. जिवाणूंना वेळ लागतो आणि तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. प्राणवायू सगळ्यात कमी होतो तो कित्येक किलोमीटर खाली, कधी एक-दोन दिवसांच्या प्रवाहानंतर. तिथून पुढे हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळत जातो आणि नदी सावरते. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ मध्ये हे गणितात बसवलं. त्यामुळे ‘मासे मेले तिथे जवळपास कारखानाच नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही.

जागेइतकीच वेळही महत्त्वाची. दिवसा शेवाळ प्राणवायू बनवतं, रात्री तेही तो वापरतं. म्हणून मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते बहुधा पहाटे. भर दुपारचा एकच नमुना घेऊन नदीला निर्वाळा देणं मला साफ चुकीचं वाटतं.

सावरण्याची ही ताकद जड धातूंपुढे चालत नाही. पारा, कॅडमियम, शिसं कुजून नाहीसे होत नाहीत. गाळाच्या कणांना चिकटून ते डोहाच्या तळाशी बसतात, आणि वरचं पाणी नितळ दिसत राहतं. गाळातले काही जिवाणू पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो. जपानमध्ये मिनामाता इथे १९५६ मध्ये उघडकीला आलेला मज्जासंस्थेचा आजार मिथिल पाऱ्याचाच होता. हा पारा एका कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेला आणि माशांवाटे माणसांच्या ताटात आला.

रात्री गुपचूप सोडलेलं सांडपाणी सकाळी बाटलीत सापडेलच असं नाही. तेव्हा उथळ धारेतला एखादा दगड उलटून पाहावा. स्टोनफ्लाय, मेफ्लाय या कीटकांची पिल्लं महिनोन् महिने दगडाखाली राहतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना प्राणवायूची टंचाई सोसत नाही. ती गायब असतील आणि तळाच्या चिखलात कायरोनोमस या डासासारख्या कीटकाच्या लालभडक अळ्या वळवळत असतील, तर तिथे प्राणवायूची टंचाई आहे असं समजावं. त्या लाल रंगाचं कारण हिमोग्लोबिन आहे. आपल्या रक्तातलंच हे द्रव्य त्या अळ्यांना जवळजवळ प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तगवून धरतं.