इमारतीतील गळती व सामाईक दुरुस्ती : गृहनिर्माण संस्थेत अर्ज कोणी, कोणाकडे आणि कोणत्या कागदपत्रांसह करावा

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये दुरुस्तीविषयीच्या बहुतेक तक्रारी गळतीच्या असतात. त्या रेंगाळण्याचे एक मोठे कारण म्हणजे अर्ज चुकीच्या ठिकाणी जातो. सभासद थेट उपनिबंधकांच्या (सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) कार्यालयात धाव घेतो, तिथे काही महिने जातात आणि शेवटी ‘हा वाद सहकार न्यायालयाच्या कक्षेतील आहे’ असे उत्तर हाती पडते. त्यामुळे अर्ज लिहायला बसण्यापूर्वी पाणी नेमके कुठून येते हे ठरवणे आवश्यक आहे. खर्च कोणाचा आणि दाद कोणाकडे मागायची, हे दोन्ही त्यावरच अवलंबून असते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे संस्थेच्या कारभारासाठीच्या नमुना नियमांमध्ये, दुरुस्तीच्या खर्चाची विभागणी स्पष्ट केलेली आहे. गच्ची व तिचा कठडा, जिने, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या व पंप, सामाईक जलवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, लिफ्ट, जिन्यातील दिवे आणि सदनिकेतील मुख्य स्विचपर्यंतची वीजवाहिनी यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरील सामाईक नळांमुळे होणारी गळती यांचाही त्यात समावेश आहे. गच्चीतून पाणी झिरपून सर्वात वरच्या मजल्यावरील छताचे प्लास्टर पडले असेल, तर ते नीट करून देणेही संस्थेकडेच येते. ‘गच्ची तुमच्या डोक्यावर आहे, खर्च तुम्हीच करा’ हे अनेक सभांमध्ये ऐकू येणारे वाक्य उपविधींना धरून नाही. याउलट न्हाणीघर, शौचालय, सिंक अशा सदनिकेच्या आतील भागांतून होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी सोसायचा असून संस्थेने त्यात समन्वय साधायचा असतो. उपविधींच्या आवृत्तीनुसार कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून अर्जात क्रमांक घालण्यापूर्वी आपल्या संस्थेने नोंदवून घेतलेल्या उपविधींची प्रत पाहावी.

उगम शोधण्यासाठी दरवेळी महागडी यंत्रणा लागत नाही. ओल पावसाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात सुकते, तर गच्ची किंवा बाहेरची भिंत यांवर संशय घ्यावा. बाराही महिने ती सारखीच राहते, तर नळ किंवा न्हाणीघर पाहावे. वरच्या सदनिकेच्या न्हाणी ट्रॅपचे, म्हणजे न्हाणीघरातील पाणी वाहून नेणाऱ्या जाळीचे, तोंड बंद करून फरशीवर रंगीत पाणी साठवायचे आणि खालच्या छताला तो रंग उतरतो का, हे दुसऱ्या दिवशीपर्यंत पाहायचे, ही प्लंबर मंडळींची जुनी आणि भरवशाची चाचणी आहे. तिने उलगडा झाला नाही, तर सांडपाण्याच्या उभ्या वाहिनीचा सांधा आणि डक्ट (वाहिन्या जातात ती उभी पोकळी) तपासावे लागतात. चाचणीच्या वेळी वरचा सदनिकाधारक, खालचा सदनिकाधारक आणि संस्थेच्या व्यवस्थापक समितीचा एक सदस्य असे तिघे हजर असावेत आणि निष्कर्षाच्या कागदावर तिघांच्या सह्या असाव्यात. पुढे वाद वाढला, तर या एका कागदाने बराच वेळ वाचतो.

अर्ज करण्याचा अधिकार सभासदाला असतो. सदनिका संयुक्त नावावर असेल, तर भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) ज्याचे नाव पहिले आहे त्याने अर्ज करणे सोयीचे ठरते. भाडेकरू संस्थेचा सभासद नसल्यामुळे त्याने मालकामार्फत किंवा मालकाच्या लेखी अधिकारपत्रासह अर्ज द्यावा. मूळ सभासदाचे निधन झालेले असल्यास वारसांनी सदनिका आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज आधी, निदान सोबत, दाखल करावा. एरवी ‘तुम्ही सभासदच नाही’ या एका वाक्यावर तक्रार बाजूला पडते. थकबाकीमुळे दुरुस्तीची मागणी करण्याचा हक्क जात नसला, तरी गळती थांबेपर्यंत देखभाल शुल्क भरणार नाही अशी भूमिका घेऊ नये. थकीत रकमेवर उपविधींनुसार वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकते, आणि मूळ तक्रार मागे पडून थकबाकीचीच चर्चा सुरू होते.

अर्ज संस्थेच्या सचिवांच्या नावे, साध्या कागदावर, दोन प्रतींत करावा. सदनिका क्रमांक, गळतीची जागा, ती प्रथम कधी दिसली, आतापर्यंत कोणती दुरुस्ती झाली आणि आता नेमकी कोणती कार्यवाही अपेक्षित आहे, एवढे त्यात असले की पुरे. जुन्या भांडणांचा इतिहास लिहू नये. सोबत भाग दाखल्याची छायाप्रत, नुकतेच भरलेले देखभाल देयक, तारखेसह छायाचित्रे, चाचणीचा किंवा प्लंबरचा लेखी अहवाल आणि उपलब्ध असल्यास दुरुस्तीचे अंदाजपत्रक जोडावे. दुसऱ्या प्रतीवर संस्थेचा शिक्का, तारीख आणि सहीसह पोहोच घ्यावी. व्यवस्थापकाला तोंडी सांगणे किंवा संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर छतावरच्या पोपड्यांची छायाचित्रे टाकणे ही पुढील टप्प्यांवर रीतसर तक्रार ठरत नाही. पोहोच देण्यास टाळाटाळ होत असेल, तर स्पीड पोस्टाने अर्ज पाठवून पावती जपून ठेवावी.

लेखी तक्रार आल्यावर समितीने ती लगतच्या सभेत विचारात घेऊन निर्णय करायचा असतो आणि तो सभासदाला १५ दिवसांत कळवायचा असतो. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा अधिकार संस्थेला आहे, आणि वरच्या सदनिकाधारकाला ही पाहणी अडवता येत नाही. दोष सदनिकेच्या आतील असल्यास समितीने त्या सभासदाला दुरुस्तीची लेखी नोटीस द्यायची असते. त्याने मुदतीत काम केले नाही, तर रीतसर सूचना देऊन संस्था स्वतः काम करून घेऊ शकते आणि झालेला खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. ही तरतूद फारशी वापरली जात नाही, कारण समितीला शेजाऱ्याशी वाईटपणा नको असतो. म्हणूनच अर्जात तिचा स्पष्ट उल्लेख करून नोटिशीची मागणी करावी.

गच्चीचे वॉटरप्रूफिंग, बाहेरचे प्लास्टर किंवा संपूर्ण जलवाहिनी बदलणे यांसारख्या मोठ्या कामांचा खर्च समितीच्या मर्यादेपलीकडे जातो आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. दुरुस्ती व देखभाल निधीचा दर सभाच ठरवते. मात्र तो सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्क्यांपेक्षा कमी असू नये, आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे भविष्यातील मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीसाठी, हीच किमान मर्यादा ०.२५ टक्के आहे. म्हणजे ज्या सदनिकेचा बांधकाम खर्च १० लाख रुपये धरला आहे, तिच्याकडून वर्षाला अनुक्रमे किमान ७,५०० आणि २,५०० रुपये जमा व्हायला हवेत. देखभाल शुल्क कमी ठेवल्याबद्दल वर्षानुवर्षे स्वतःची पाठ थोपटून घेणाऱ्या संस्थांना गच्ची गळू लागल्यावर एकदम मोठी वर्गणी मागावी लागते, ती इथला हिशेब चुकल्यामुळे. समिती सभाच बोलावत नसेल, तर एकपंचमांश सभासदांनी सह्यांसह लेखी मागणी केल्यास एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलावणे बंधनकारक आहे. या मागणीपत्रात विषय नेमकेपणाने लिहावा. ‘इमारतीच्या समस्या’ असे मोघम लिहिल्यास विषयपत्रिकेवर काय घ्यायचे ते समितीच ठरवते.

समितीचा निर्णय मान्य नसेल किंवा निर्णयच होत नसेल, तर पुढचे दार विषयानुसार बदलते. संस्थेचे दप्तर पाहू न देणे, कागदपत्रांच्या प्रती न देणे, सभा न घेणे अशा कारभाराच्या तक्रारी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जातात. गळतीसह दुरुस्तीचा प्रत्यक्ष वाद, मग तो संस्थेशी असो वा दुसऱ्या सभासदाशी, अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दाखल करावा लागतो. तिथे मूळ अर्ज व पोहोच, समितीशी झालेला पत्रव्यवहार, सभेच्या इतिवृत्ताची प्रत, उपविधी, तज्ज्ञाचा अहवाल आणि स्वतः दुरुस्ती केली असल्यास तिच्या पावत्या लागतात. निकाल लागेपर्यंत नुकसान वाढत जाणार असेल, तर अंतरिम आदेशाचीही मागणी करता येते. निकालाविरुद्ध राज्य सहकारी अपील न्यायालयात दोन महिन्यांच्या आत अपील करावे लागते.

स्लॅबच्या सळ्या उघड्या पडणे किंवा खांबांना तडे जाणे ही लक्षणे दिसू लागली, की विषय नुसत्या गळतीचा राहत नाही. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर ३ वर्षांनी करून घ्यायचे असते. परीक्षण झाले आहे का, हे सभासदाने लेखी विचारावे आणि अहवालाची प्रत मागावी. संस्था दाद देत नसेल, तर छायाचित्रांसह महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात अर्ज द्यावा. धोकादायक बांधकामाबाबत नोटीस काढण्याचा अधिकार महापालिकेला आहे.

नव्या इमारतीत मात्र संस्थेच्या आधी विकासकाला गाठावे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील संरचनात्मक किंवा कारागिरीचा दोष लक्षात आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्याने तसे न केल्यास महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. तक्रारीसोबत नोंदणीकृत विक्री करारनामा, ताबापत्र, विकासकाला पाठवलेली पत्रे आणि दोषाचा तांत्रिक अहवाल जोडावा. पाच वर्षांची मुदत ताब्याच्या तारखेपासून मोजली जाते. संस्था कधी नोंदली गेली याचा तिच्याशी संबंध नाही, त्यामुळे ताबापत्रावरची तारीख पहिल्याच पत्रात लिहावी.