‘कंटेंट स्ट्रॅटेजी’ ते ‘कंटेंट डिझाइन’ : एका नामांतराची पार्श्वभूमी

‘कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट पाहिजे’ अशा चार जाहिराती शेजारी ठेवून वाचल्या, तर त्या एकाच व्यवसायाच्या असाव्यात यावर सहजी विश्वास बसत नाही. एकीत समाजमाध्यमांवरील नोंदींचे महिन्याचे वेळापत्रक सांभाळण्याची अपेक्षा असते, दुसरीत ॲपमधील बटणांवरचे आणि सूचनांमधले शब्द लिहिण्याची, तिसरीत जुन्या संकेतस्थळावरची हजारो पाने नव्या प्रणालीत नेण्यापूर्वी त्यांची छाननी करण्याची, तर चौथीत शोधयंत्रातील क्रमवारी सुधारण्याची. ही फारकत जाहिरात लिहिणाऱ्यांच्या निष्काळजीपणातून आलेली नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संस्थेच्या मजकुराच्या नियोजनाचे हे काम वेगवेगळ्या दारांनी संस्थांमध्ये शिरले, प्रत्येक दाराशी त्याला निराळे नाव मिळाले, आणि २०२० च्या सुमारास झालेल्या एका नामांतराने त्याचे निम्मे अंग झाकले गेले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला पगाराच्या आकड्याआधी हे नामांतर कळले पाहिजे, असे माझे मत असल्याने पुढे त्यालाच अधिक जागा दिली आहे.

या व्यवसायाचे पूर्वज शोधताना दोन उदाहरणे हमखास दिली जातात : शेतीची अवजारे बनवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सुरू केलेले नियतकालिक, आणि एका फ्रेंच टायर कंपनीने १९०० मध्ये मोटारचालकांसाठी काढलेली मार्गदर्शिका. दोन्ही उदाहरणे खरी आहेत, परंतु ती कंटेंट मार्केटिंगची आहेत. ग्राहक जोडण्यासाठी उपयुक्त मजकूर देणे ही एक गोष्ट झाली. संस्थेकडे असलेल्या सगळ्या मजकुराचे काय करायचे, हे ठरवणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचे खरे मूळ तांत्रिक लेखनात सापडते. यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांपुढे तोच इशारा, तीच कृती शेकडो पुस्तिकांमध्ये पुन्हा पुन्हा लिहिण्याची, आणि एका ठिकाणी बदल झाला की सगळीकडे तो करण्याची अडचण होती. मजकुराची रचना त्याच्या दिसण्यापासून वेगळी करणारे एसजीएमएल हे मानक १९८६ मध्ये, त्याचे सुटसुटीत रूप असलेले एक्सएमएल १९९८ मध्ये, आणि तांत्रिक मजकुराचे विषयवार तुकडे पाडणारे डिटा हे मानक २००५ मध्ये आले. एकदा लिहावे आणि अनेक ठिकाणी वापरावे, हा विचार संकेतस्थळे बनवणाऱ्यांच्या हाती लागण्यापूर्वीच तिथे रुळलेला होता.

संकेतस्थळांच्या बाजूने ही कथा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू होते. तेव्हाच्या प्रकल्पांत डिझायनर होता, प्रोग्रामर होता, प्रकल्प व्यवस्थापक होता. मजकूर मात्र ‘ग्राहक देईल’ असे गृहीत धरलेले असे. आराखड्यात लॉरेम इप्समच्या निरर्थक ओळी भरून मंजुरी घेतली जाई, आणि अखेरच्या आठवड्यात खरा मजकूर आला की शीर्षके चौकटीत मावत नसत, तीन परिच्छेदांच्या जागी एकच ओळ हाती येई किंवा एखाद्या विभागासाठी लिहिणारे कुणी नाहीच, हे उघड होई. या अनुभवातून अमेरिकेतील काही वेब एजन्सींनी दशकाच्या अखेरीस कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट हे पद निर्माण केले. २००० मध्ये इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, अनेक एजन्सी बंद पडल्या, आणि हे पद काही वर्षे जवळजवळ दिसेनासे झाले. काम करणारे टिकले. ते संपादक किंवा माहिती-रचनाकार या नावांनी वावरत राहिले.

त्याच वर्षांत एक बदल गाजावाजा न होता घडला, आणि माझ्या मते या व्यवसायाची खरी गरज त्यानेच निर्माण केली. कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम (सीएमएस), म्हणजे संकेतस्थळावर मजकूर चढवण्याच्या आणि सांभाळण्याच्या प्रणाली, स्वस्त आणि सोप्या झाल्या. पूर्वी पान चढवण्यासाठी तंत्रज्ञ लागे. आता कोणत्याही विभागातील कोणीही कर्मचारी ते चढवू शकत होता. पाने चढवण्याचा अधिकार सर्वांना मिळाला, पण ती उतरवण्याची जबाबदारी कुणाच्याही वाट्याला आली नाही. एकाच प्रश्नाची तीन विभागांनी दिलेली तीन परस्परविरोधी उत्तरे, संपलेल्या योजनांची जिवंत पाने, नोकरी सोडून गेलेल्या माणसांचे संपर्क : मोठ्या संस्थांची संकेतस्थळे अशा अवस्थेला पोहोचली होती.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २००८ मध्ये वेब-निर्मात्यांच्या एका प्रतिष्ठित ऑनलाइन नियतकालिकात एक लेख आला आणि त्यात कंटेंट स्ट्रॅटेजीला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळावी, अशी मागणी करण्यात आली. उपयुक्त आणि वापरण्याजोग्या कंटेंटची निर्मिती, प्रकाशन आणि नियमन यांचे नियोजन म्हणजे कंटेंट स्ट्रॅटेजी, अशी व्याख्या त्यात होती. पुढील तीन वर्षांत बरेच काही वेगाने घडले. २००९ मध्ये माहिती-रचनाकारांच्या वार्षिक संमेलनात या विषयाची पहिली मोठी बैठक झाली, त्याच वर्षी वेबसाठीच्या कंटेंट स्ट्रॅटेजीवरचे बहुचर्चित पुस्तक आले, २०१० मध्ये पॅरिसला आणि २०११ मध्ये लंडन व मिनिॲपोलिसला केवळ याच विषयाच्या परिषदा भरल्या.

व्याख्येतील ‘नियमन’ या शब्दाकडे तेव्हा फारसे कुणाचे लक्ष गेले नाही, पण व्याख्येचा सारा भार त्यावर होता. निर्मिती आणि प्रकाशन यांची माणसे संस्थेत आधीपासून होती. कोणता मजकूर कोणाच्या मालकीचा, तो कधी तपासायचा, दोन विभागांत मतभेद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, आणि एखादे पान काढून टाकण्याचा अधिकार कोणाला, हे ठरवणारे मात्र कुणी नव्हते. कंटेंट ऑडिट या कष्टाच्या कामाचा हेतूही हाच होता. आधी सर्व पानांची यादी करायची : एका ओळीत एक पान, त्याचा पत्ता, विषय, मालक, शेवटच्या बदलाची तारीख, किती लोक येतात. मग प्रत्येक पान वाचून ते ठेवायचे, सुधारायचे, दुसऱ्यात विलीन करायचे की काढायचे, याचा निर्णय नोंदवायचा. यादी सॉफ्टवेअर करून देऊ शकते. निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. या तक्त्यातील सर्वांत बोलका स्तंभ मालकाचा असतो, कारण रिकाम्या जागा बहुधा तिथेच सापडतात.

मोबाइलने या कामाला दुसरी बाजू दिली. २००७ नंतर स्पर्शपडद्याचे फोन पसरले, २०१० मध्ये पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या डिझाइनची संकल्पना मांडली गेली, आणि एकच मजकूर अनेक आकारांत पोहोचवायचा तर तो ‘पान’ म्हणून नव्हे, तर शीर्षक, सारांश, तारीख, ठिकाण अशा सुट्या घटकांत साठवला पाहिजे, हे पटू लागले. कंटेंट मॉडेल म्हणतात ते हेच. त्याच सुमारास ब्रिटिश सरकारने आपल्या विखुरलेल्या संकेतस्थळांच्या जागी एकच संकेतस्थळ उभे केले, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ते अधिकृतपणे सुरू झाले. तेथे मजकुरावर काम करणाऱ्यांना ‘कंटेंट डिझायनर’ म्हटले गेले. नागरिकाला नेमके काय करायचे आहे हे आधी शोधावे, आणि मग त्याचे उत्तर लेखाने द्यायचे, गणकयंत्राने द्यायचे की एका तारखेने, हे ठरवावे, असा या नावामागचा विचार होता. तो विचार मोलाचा होता, आणि पुढील गुंता समजून घेताना ही गोष्ट विसरता कामा नये.

गुंता असा झाला. २०१० नंतर कंटेंट मार्केटिंगची लाट आली आणि तिने ‘कंटेंट स्ट्रॅटेजी’ हे शब्द आपलेसे केले. जाहिरात विभागात लेखांचे वेळापत्रक आखणारी व्यक्ती आणि उत्पादन (म्हणजे ॲप घडवणाऱ्या) विभागात त्याचे शब्द लिहिणारी व्यक्ती, दोघीही एकाच पदनामाने ओळखल्या जाऊ लागल्या. भरती करणाऱ्यांकडे आलेल्या अर्जांपैकी बरेचसे चुकीच्या दिशेचे असत. अखेरीस २०२० मध्ये एका बलाढ्य समाजमाध्यम कंपनीने आपल्या कंटेंट स्ट्रॅटेजी विभागाचे नाव बदलून कंटेंट डिझाइन केले. इतरही तंत्रज्ञान कंपन्यांत हे पदनाम रुळले, आणि उत्पादनांच्या क्षेत्रात जुने नाव मागे पडले.

नामांतराच्या बाजूचे युक्तिवाद दुबळे नव्हते. डिझायनरांच्या टेबलाशी बरोबरीची जागा हवी तर नावातही डिझाइन असावे. ‘स्ट्रॅटेजिस्ट’ म्हटले की सल्ला देऊन निघून जाणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, प्रत्यक्षात ही माणसे रोज ॲपचे पडदे घडवतात. आणि पदोन्नतीच्या पायऱ्या डिझाइन विभागाशी जोडल्या गेल्या की वेतनातील तफावत कमी होते. ज्यांनी ही मागणी केली, त्यांनी वर्षानुवर्षे ‘जरा शब्द टाकून द्या’ ही वागणूक सोसली होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

तरीही या निर्णयाची किंमत मोठी होती, असे मला वाटते. उत्पादनाच्या चमूत बसलेला कंटेंट डिझायनर आपल्या पडद्यांपुरता पाहतो. त्याने संस्थेच्या मदतकेंद्रातील, कायदेशीर विभागातील आणि विक्री विभागातील मजकुराकडे पाहावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून केली जात नाही. ऑडिट, मालकी, तपासणीचे चक्र, मजकूर निवृत्त करण्याचे नियम ही कामे कोणत्याच पदाच्या वर्णनात ठळकपणे उरली नाहीत. नाव बदलताना निर्मितीची बाजू नव्या घरी गेली आणि नियमनाची बाजू जुन्या घरात एकटी राहिली. नामांतराचे समर्थक म्हणतात की नियमन हाही डिझाइनचाच भाग आहे. तत्त्वतः ते मान्य करता येईल, परंतु पदाच्या वर्णनात जे लिहिलेले नसते, त्यासाठी कामाच्या दिवसात वेळ मिळत नाही.

मराठीत लिहिताना हा प्रश्न आणखी एका अंगाने समोर येतो. कंटेंटला आपण ‘मजकूर’ म्हणतो किंवा ‘आशय’. मजकूर हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘उल्लेख केलेले’, म्हणूनच जुन्या कागदपत्रांत ‘मौजे मजकूर’ म्हणजे आधी उल्लेखिलेले गाव. संस्कृतातील ‘आशय’ हा त्याहून वेगळा : जलाशय, आमाशय, गर्भाशय या शब्दांत तो साठ्याची जागा दाखवतो, आणि अभिप्राय किंवा अर्थ हाही त्याचा जुनाच अर्थ आहे. म्हणजे इंग्रजी शब्द आत भरलेल्या वस्तूकडे बोट दाखवतो, तर आपला शब्द ती धारण करणाऱ्या जागेकडेही. या व्यवसायाचे काम दोन्हींशी आहे, त्यामुळे ‘आशय’ अधिक न्याय देतो, असे मला वाटते. ‘आशयनीती’ किंवा ‘आशय-नियोजन’ यांपैकी एखादा शब्द रुळावा ही इच्छा आहे. पण कार्यालयांत आज ‘कंटेंट स्ट्रॅटेजी’ हेच बोलले जाते आणि नोकरी शोधणाऱ्याने तेच शोधावे.

२०२२ च्या अखेरीस दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत नोकरकपात सुरू झाली, आणि संवादी कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांच्या हाती आली. मजकुराचा कच्चा खर्डा आता क्षणात मिळतो, त्यामुळे ज्यांची ओळख केवळ लिहिण्यापुरती राहिली होती, त्यांच्या पदांवर पहिले प्रश्नचिन्ह उमटले. दुसरीकडे, अनेक संस्थांनी स्वतःच्या कागदपत्रांवरून उत्तरे देणारे चॅटबॉट बसवले. जुना नियम सांगणारे, कुणाच्याही मालकीचे नसलेले पान आजवर शोधनिकालांच्या तळाशी पडून असे. चॅटबॉट तेच पान उचलतो आणि वापरकर्त्याला आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देतो. ते पान दुरुस्त करायचे तर त्याचा मालक कोण, हे आधी शोधावे लागते, आणि त्यासाठी बऱ्याच संस्थांत ऑडिटचा तक्ता पुन्हा पहिल्या ओळीपासून भरावा लागत आहे.