कंपनीची गाडी, गॅरेजची गाडी : सेकंड-हँड वेगवान मोटारींच्या निवडीमागचा इतिहास

जुनी पण वेगवान मोटार घ्यायला निघालेल्या माणसापुढे आज बहुधा एकाच मॉडेलच्या दोन गाड्या येतात. एक ‘स्टॉक’, म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच. दुसरी ‘स्टेज वन’ किंवा ‘स्टेज टू’, म्हणजे जिच्या इंजिनाचे सॉफ्टवेअर, एअर फिल्टर, सायलेन्सर आणि कधीकधी स्प्रिंगही बदललेले आहेत. वरवर पाहता ही निवड आवडीनिवडीची वाटते आणि गाडीवेड्यांच्या गप्पांत ती तशीच रंगवली जाते. भारतापुरते बोलायचे तर तो मुळात नोंदीचा प्रश्न आहे. गाडीत काय बदलले, कोणी बदलले आणि ते कुठल्या कागदावर उतरले का, हे शोधता येत नाही म्हणून निवड अवघड होते. ते का शोधता येत नाही, याचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांतील गाड्यांमध्ये आणि कायद्यामध्ये आहे.

ऐंशीच्या दशकापर्यंत भारतात ‘स्टँडर्ड परफॉर्मन्स कार’, म्हणजे कारखान्यातूनच वेगवान निघणारी गाडी, असा प्रकारच नव्हता. अॅम्बॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्यांवर देश चालत होता आणि ज्याला वेग हवा त्याला तो गॅरेजमध्येच घडवून घ्यावा लागे. सिलिंडर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणे, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवणे, सायलेन्सर मोकळा करणे, ही त्या काळची कारागिरी. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत उतरणाऱ्या गाड्या अशाच हातांनी तयार झालेल्या असत. त्या काळात बदललेली गाडी घेणारा माणूस प्रत्यक्षात मेकॅनिकची निवड करत असे. गाडी कोणाच्या हातची आहे एवढे कळले की बाकी चौकशी फारशी उरत नसे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या दशकात झेन, एस्टीम, जिप्सी किंग अशी तिची भावंडे आली. या गाड्यांनी मॉडिफिकेशनची दिशाच बदलली, कारण झेन, एस्टीम आणि जिप्सी यांची इंजिने एकाच घराण्यातली होती. झेनसारख्या छोट्या, हलक्या गाडीत एस्टीमचे किंवा जिप्सीचे १.३ लिटर इंजिन बसवणे अवघड असले तरी अशक्य नव्हते आणि तसे इंजिन बसवलेल्या गाड्या रॅलीच्या वर्तुळात सर्रास दिसू लागल्या. इंजिन बदलणे हा मात्र हेड घासण्यासारखा अदृश्य बदल नव्हे. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, इंजिन क्रमांक असतो. तो बदलला की कागद आणि गाडी यांची फारकत होते. सेकंड-हँड गाडी घेताना बॉनेट उघडून इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहण्याची जी सवय जाणकारांना लागली, तिला या काळाने आणखी एक कारण दिले.

कायदा या काळात तुलनेने सैल होता. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ हे वाहनातील फेरबदलांविषयी आहे. मूळ स्वरूपात त्याचा आशय असा होता की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील चुकीचे ठरतील असा बदल मालकाने करू नये. करायचाच असेल तर नोंदणी अधिकाऱ्याला सूचना द्यावी आणि त्याची मंजुरी घ्यावी. म्हणजे आरटीओच्या खिडकीतून जाणारी एक वाट होती. फार थोडे लोक ती वाट चालत, हे खरे. पण ती होती.

२००० साली या कलमात दुरुस्ती झाली आणि माझ्या मते आजच्या सगळ्या गुंतागुंतीचे मूळ या एका वाक्यात आहे. नव्या मजकुराप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील हे ‘उत्पादकाने मूळात नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे’ होतील असा बदल करण्यास मनाई झाली. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसारख्या वेगळ्या इंधनासाठी किट बसवण्याला सवलत ठेवली गेली, पण मोजपट्टी बदलली. आधी आरसीवर काय लिहिले आहे हे पाहिले जाई. आता कंपनीने काय बनवले होते हे पाहिले जाऊ लागले. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र ‘फेरबदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडेल असा त्याच्या रचनेतील बदल, असे म्हटले आहे. आता सॉफ्टवेअर बदलणे हा रचनेतील बदल का, रुंद टायर हे मूलभूत वैशिष्ट्य का, यावर वाद घालायला भरपूर जागा उरली आणि त्या जागेत एक अख्खा धंदा उभा राहिला.

योगायोग असा की, कायदा कडक झाला त्याच सुमारास भारतात पहिल्यांदा बदलण्याजोग्या चांगल्या गाड्या येऊ लागल्या. नोव्हेंबर १९९९ मध्ये फोर्ड आयकॉन आली, २००० साली होंडा सिटीला १०६ अश्वशक्तीचे व्हीटेक इंजिन मिळाले आणि २००१ मध्ये फियाटने पॅलिओ आणली, जिच्या १.६ लिटर जीटीएक्सला शंभर अश्वशक्ती होती. याच काळात महाराष्ट्राकडे या कथेचे केंद्र सरकले. पॅलिओ कुर्ल्याची. त्याच २००१ मध्ये स्कोडाने तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला कारखाना सुरू केला. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला, तर फियाटची लिनिया आणि पुंटो रांजणगावला तयार होऊ लागली. देशभरचे ट्युनर, म्हणजे गाडीची शक्ती वाढवून देणारे कारागीर, आजही ज्या गाड्यांवर जीव टाकतात त्यांतल्या कितीतरी मुंबई, पुणे आणि शेंद्रा या तीन बिंदूंमधल्या आहेत.

शेंद्र्याच्या ऑक्टाव्हिया आरएसवर जरा थांबायला हवे. २००४ मध्ये ती आली तेव्हा सर्वसामान्य खरेदीदाराच्या आवाक्याच्या जवळपास येणारी, टर्बो पेट्रोल इंजिनाची आणि वेगासाठीच बनवलेली अशी दुसरी गाडी भारतात नव्हती. तिच्या १.८ लिटर, वीस व्हॉल्व्हच्या इंजिनाला इथे १५० पीएस (अश्वशक्तीचेच युरोपीय माप) शक्ती दिली होती. युरोपात त्याच नावाची गाडी १८० पीएसची होती. हा फरक भारतीय मालकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. टर्बो इंजिनात किती हवा दाबायची आणि तिच्याबरोबर किती इंधन सोडायचे हे इसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्यातला तक्ता बदलला की एकही स्क्रू न फिरवता शक्ती वाढते. याला रीमॅप म्हणतात. नैसर्गिक श्वासाच्या इंजिनात, म्हणजे ज्यात टर्बो नाही अशा पॅलिओसारख्या गाडीत, रीमॅपने हाती फारसे लागत नाही. टर्बोमध्ये मात्र एका दुपारात गाडीचा स्वभाव पालटतो. ऑक्टाव्हिया आरएसमुळे आणि पाठोपाठ आलेल्या, संगणकाच्या हुकमाने इंधन सोडणाऱ्या कॉमनरेल डिझेल गाड्यांमुळे मॉडिफिकेशन हे कारागिराच्या हातून संगणक चालवणाऱ्याच्या हातात गेले.

या स्थित्यंतराचा सेकंड-हँड बाजारावर झालेला परिणाम अजून पुरता उलगडलेला नाही. घासलेले हेड पुन्हा जाड होत नाही, बदललेला इंजिन क्रमांक लपत नाही; रीमॅप मात्र विकण्याच्या आदल्या दिवशी पुसता येतो. मूळ तक्ता परत भरला, मूळ सायलेन्सर चढवला की गाडी ‘स्टॉक’ म्हणून विकायला तयार. फोक्सवॅगन समूहाच्या सेवा यंत्रणेत बदललेले सॉफ्टवेअर आढळल्यास गाडीच्या नोंदीवर ‘टीडी१’ असा शेरा पडतो आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी जाते. त्यामुळे वॉरंटीतल्या गाड्यांचे मालक सर्व्हिसिंगला नेण्याआधी मूळ सॉफ्टवेअर भरून घेऊ लागले. म्हणजे कायद्याच्या भीतीने आरटीओपासून आणि वॉरंटीच्या भीतीने कंपनीपासून, असा बदल दोन्हीकडे लपवला जाऊ लागला. जर्मनीत बदलाचा सुटा भाग प्रमाणपत्रासह मिळतो आणि गरज असेल तेव्हा टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून गाडीच्या कागदांत चढवता येतो. तिथे बदललेली गाडी घेणाऱ्याच्या हातात त्या बदलाचा कागद असतो. आपल्याकडे प्रामाणिक मालकालाही तो कागद मिळवण्याची सोय नाही.

गिअरबॉक्सची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१३ मध्ये चाकणहून निघालेल्या पोलो जीटी टीएसआयला १.२ लिटरचे १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्कचे (टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर) इंजिन आणि सात गतींचा, दोन कोरड्या क्लचचा डीक्यू२०० हा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा, गिअरबॉक्स होता. या गिअरबॉक्सची पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. त्यामुळे पोलोत रीमॅपला बरीच जागा होती. त्याच गिअरबॉक्सला १.८ लिटरचे १८० पीएस इंजिन जोडलेल्या ऑक्टाव्हियाला कंपनीने नेमके २५० न्यूटन-मीटर दिले. युरोपात तेच इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससह ३२० देत असे. याचा अर्थ सरळ आहे : इंजिन थकले म्हणून कंपनी थांबली नव्हती, क्लच थकतील म्हणून थांबली होती. रीमॅप करणारा ही लगाम सोडतो. म्हणून एकाच ‘स्टेज वन’ शब्दाखाली विकली जाणारी पोलो आणि ऑक्टाव्हिया या दोन अगदी वेगळ्या जोखमीच्या गाड्या आहेत आणि जाहिरातीतला शब्द हा फरक सांगत नाही.

अर्थात, स्टॉक म्हणजे निर्धोक असेही नाही. याच डीएसजी प्रकारातील दोषासाठी २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला ३,८४,००० हून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या आणि त्या सगळ्या ट्युनरच्या हातून गेलेल्या नव्हत्या. मुंबई-पुण्याच्या रहदारीत रोज रांगत चाललेल्या स्टॉक गाडीचे कोरडे क्लच, महामार्गावर चालवलेल्या रीमॅप गाडीपेक्षा आधी झिजलेले असू शकतात. हे अनेकांना पटत नाही, तरी तपासणाऱ्याने गाडी कुठे चालली हे आधी विचारावे.

कंपन्यांनी स्वतःही या काळात कारखान्यातूनच ‘मॉडिफाय’ केलेल्या गाड्या विकायला सुरुवात केली, हे या इतिहासातले मला सर्वांत रंजक वाटणारे वळण. फियाटच्या लिनियात २०१० मध्ये आलेले १.४ लिटर टी-जेट टर्बो इंजिन ११४ पीएसचे होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये रांजणगावहून निघालेल्या अबार्थ पुंटोत तेच इंजिन १४५ पीएस देत होते आणि त्याबरोबर चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि जमिनीला चिकटलेली बैठक आली. त्याच्या दहा-बारा वर्षे आधी गॅरेजमध्ये जे झाले असते ते इथे उत्पादकाच्या सहीने झाले आणि म्हणूनच आरसीला, विम्याला, कायद्याला ते पूर्ण मान्य होते. स्कोडाने २०१७ मध्ये २३० पीएसची ऑक्टाव्हिया आरएस आणली आणि २०२० मध्ये २४५ पीएसची आवृत्ती अवघ्या २०० गाड्यांपुरती आणली. या गाड्यांना सहा किंवा सात गतींचे, तेलात बुडालेल्या क्लचचे गिअरबॉक्स मिळाले होते. थोड्या संख्येने आलेल्या अशा गाड्यांमध्ये आज मूळ स्थितीतली गाडी शोधणाऱ्यांचा वेगळा वर्ग तयार झाला आहे. त्यांना वेगाइतकेच मूळ स्प्रिंग आणि मूळ चाके हवी असतात. मूळ सुटे भाग माळ्यावर जपून ठेवणारा मॉडिफाय गाडीचा मालक हा यातूनच शहाणा झालेला प्राणी.

९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने केरळमधून आलेल्या प्रकरणात कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला. केरळ उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांच्या आधारे फेरबदलांना दिलेली मोकळीक रद्द ठरली आणि उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी रचना नोंदणी अधिकारीसुद्धा मान्य करू शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी संसदेने केलेल्या दुरुस्तीत कलम १८२-अ आले. परवानगी नसलेले सुटे भाग बसवून वाहन बदलणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धुराच्या नियमभंगाचा दंड १०,००० रुपयांपर्यंत गेला. ‘मालकाला’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सेकंड-हँड गाडीत सायलेन्सर आधीच्या मालकाने बदललेला असला, तरी रस्त्यावर अडवला जातो तो आजचा मालक.

विम्याचीही हीच तऱ्हा. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस पडला तर दाव्यावर वाद होतो आणि गाडी तिसऱ्या हातात गेल्यावर आधीच्याने काय कळवले होते हे नव्या मालकाला ठाऊक नसते.

या सगळ्यातून लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग (सरळ रेषेतल्या, कमी अंतराच्या) शर्यतींसारख्या मोजक्या जागा उरल्या, जिथे बदललेली गाडी उघडपणे उभी राहते. तिथे धावलेल्या गाडीची वेळ, तिचे भाग आणि तिच्या ट्युनरचे नाव चारचौघांना माहीत असते. विरोधाभास असा की, जिला बाजारात ‘हाणलेली गाडी’ म्हणून नाक मुरडले जाते, तिचाच इतिहास अनेकदा सर्वांत जास्त नोंदलेला असतो. आणि ‘एका हातची, पूर्ण स्टॉक’ म्हणून जादा किमतीला विकली जाणारी गाडी इसीयूमध्ये किती वेळा सॉफ्टवेअर भरले गेले याचा आकडा वाचेपर्यंत स्टॉकच असते. तो आकडा वाचणारे यंत्र आता अनेक स्वतंत्र गॅरेजमध्ये आहे आणि काही खरेदीदार टोकन देण्याआधी सर्व्हिस रेकॉर्डबरोबर त्याचीही छापील प्रत मागू लागले आहेत.